कोणता ‘मी’ मरायचा?



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. उपवासकाळातला पाचवा रविवार होता. शुभवर्तमान होते संत योहानाच्या बाराव्या अध्यायातले, जमिनीत पडून मरणाऱ्या गव्हाच्या दाण्याचे. प्रवचनाची तयारी मी मनापासून केली होती. सेमिनरीत शिकलेल्या तत्त्वज्ञानातले दोन-चार दाखलेही त्यात पेरले होते. आपल्यातला ‘मी’ मेल्याशिवाय ख्रिस्ताचे नवजीवन मिळत नाही, असे मी पुन्हा पुन्हा सांगितले. लोक शांतपणे ऐकत होते. प्रवचन चांगले झाले, असे मला वाटले.

मिस्सा संपल्यावर मी पायऱ्यांवर उभा होतो. पासष्टीच्या आसपासच्या एक मावशी थांबल्या. म्हणाल्या, “फादर, एक विचारू का? राग मानू नका. तुम्ही म्हणालात ‘मी’ मेला पाहिजे. अठराव्या वर्षी लग्न होऊन या घरात आले. आधी सासूचं ऐकलं, मग नवऱ्याचं ऐकलं, आता मुलाचं ऐकते. मला काय आवडतं, ते कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला सांगितलं नाही. माझ्यात ‘मी’ आहेच कुठं? जो कधी जगलाच नाही, तो मरायचा कसा?”

त्यांच्या बोलण्यात चीड नव्हती. मी काहीतरी पुटपुटलो. “मावशी, तुमच्यासाठी प्रार्थना करीन” असे म्हणालो. त्या हसल्या, “करा फादर” म्हणाल्या आणि बाजाराची पिशवी सावरत निघून गेल्या. त्या दिवशी दुपारी मला जेवण गोड लागले नाही. माझे प्रवचन चुकले होते का? चुकले नसेल, तर त्या बाईला ते असे का लागले? त्यांची परवानगी घेऊनच आज हे लिहीत आहे. त्यांची ओळख पटेल असे काही लिहिलेले नाही. प्रश्न मात्र आपल्या घराघरातला आहे.

दाणा खरोखर मरतो का?

माझे वडील शेतकरी होते. जून लागायच्या आधी ते बादलीभर पाण्यात मीठ विरघळवायचे आणि त्यात भाताचे बियाणे ओतायचे. काही दाणे तळाशी बसायचे, काही वर तरंगायचे. तरंगणारे दाणे ते हाताने काढून कोंबड्यांना टाकायचे. तळाचे दाणे स्वच्छ पाण्याने धुऊन, सावलीत सुकवून पेरणीसाठी ठेवायचे. मी एकदा विचारले, “बाबा, वरचे दाणेही भाताचेच आहेत ना?” ते म्हणाले, “ते पोचट आहेत. आत काहीच नाही. पेरले तर नुसते कुजतील.”

त्या मावशींच्या प्रश्नानंतर मला वडिलांची ती बादली आठवली. पोचट दाणाही मातीत जातो. त्याच्यावरही पाऊस पडतो, तोही दिसेनासा होतो. पण त्याच्यातून रोप येत नाही. भरलेला दाणा मातीत गेला की त्याचे टरफल फुटते, आत साठवलेले पीठ अंकुराला मिळते, आणि काही दिवसांनी हिरवे टोक वर येते. शाळेत शिकणारे कोणतेही मूल आज सांगेल की खऱ्या अर्थाने मेलेले बी कधी उगवत नाही. प्रभू येशू वनस्पतिशास्त्र शिकवीत नव्हता. शेतकऱ्याच्या डोळ्यांना जे दिसते, तेच तो सांगत होता. आज हातात असलेला दाणा उद्या शोधून सापडत नाही, आणि त्याच्या जागी कणीस उभे असते.

मग दाण्याचे मरते ते काय? त्याचे बंद टरफल मरते. आपला साठा आपल्यापुरता राखून ठेवणे मरते. न मरणाऱ्या दाण्याबद्दल प्रभू काय म्हणतो, तेही लक्षात घ्या. तो कुजतो किंवा वाया जातो, असे प्रभू म्हणत नाही. तो एकटा राहतो, एवढेच म्हणतो. एकटेपण हीच त्याची शिक्षा. भरलेला, सुंदर, सुरक्षित, पण डब्यात एकटा!

पुढच्याच ओळीत (योहान १२:२५) मूळ ग्रीक शुभवर्तमानात जीवनासाठी दोन वेगवेगळे शब्द आले आहेत. जो सोडायचा तो ‘प्सिखे’, म्हणजे आपण मुठीत घट्ट धरून ठेवलेला आपला जीव. जे मिळते ते ‘झोए’, म्हणजे देवाकडून येणारे, न संपणारे जीवन. मराठीत दोन्हीकडे जीव, जीवन असे म्हणावे लागते आणि तो फरक पुसट होतो. प्रभू आपल्याला जगण्याकडून मरणाकडे बोलावीत नाही. एका प्रकारच्या जगण्याकडून दुसऱ्या प्रकारच्या जगण्याकडे बोलावतो.

पौलाचा ‘मी’ कुठे गेला?

या विषयावर बोलताना आपण सर्वांना संत पौलाचा आधार घ्यावा लागतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की ख्रिस्ताबरोबर आपण क्रुसावर गेलो आहोत आणि आता आपल्यात जगणारा ख्रिस्त आहे (२:२०). हे वाक्य आपण एखाद्या भिंतीवरच्या चित्रासारखे वेगळे काढून वाचतो. आजूबाजूचे पत्रही वाचून पाहा.

त्याच अध्यायात, काही ओळी आधी, हाच पौल अंत्युखियात पेत्राला तोंडावर सुनावतो (२:११). परराष्ट्रीय ख्रिस्ती बांधवांबरोबर जेवायला बसणारा पेत्र, काही मंडळी आल्यावर भिऊन मागे सरला होता. ज्याचा ‘मी’ मेला, तो पौल गप्प बसला नाही. पत्राच्या शेवटी तो स्वतःच्या हाताने लिहितो आणि आपली अक्षरे किती मोठी आहेत तेही सांगतो (६:११). प्रेषितांच्या कृत्यांत रोमी शिपाई त्याला फटके मारायला बांधतात, तेव्हा आपण रोमी नागरिक असल्याचे सांगून तो त्यांना अडवतो (२२:२५). पुढे कैसरापुढे न्याय मागतो (२५:११). तिमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्रोवसात राहिलेला झगा आणि पुस्तके मागवून घेतो (४:१३).

हा माणूस पुसला गेलेला नाही! त्याचा तापट स्वभाव आहे, त्याचे अक्षर आहे, त्याची पुस्तकांची आवड आहे, अन्यायापुढे ताठ उभे राहणेही आहे. मग मेले ते काय? फिलिप्पैकरांच्या पत्रात तो आपल्या जमेच्या बाजू एकेक करून मोजतो: कूळ, वंश, शिक्षण, नियम पाळण्यातली कडक शिस्त. आणि ख्रिस्तापुढे हे सगळे आपण तोट्यात धरले, असे सांगतो (३:४–८). मेला तो आपल्या पात्रतेच्या जोरावर देवापुढे आणि माणसांपुढे ताठ उभा राहणारा पौल. जगाच्या मध्यभागी आपली खुर्ची मांडून बसलेला ‘मी’ मेला. खुर्चीवरून उठलेला पौल पूर्वीपेक्षा अधिक पौल झाला.

जाणकारांनी आधीच इशारा दिला होता

संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात एक प्रश्न विचारला होता: माणसाने स्वतःवर प्रेम करावे की शेजाऱ्यावर अधिक करावे? आपल्याला वाटेल, संत माणूस ‘शेजाऱ्यावर’ असेच म्हणणार. पण त्यांचे उत्तर वेगळे आहे. देवावर सर्वांत अधिक, आणि त्यानंतर स्वतःच्या आत्म्यावर. कारण शेजाऱ्यावरच्या प्रेमाचे माप आज्ञेतच दिलेले आहे: स्वतःवर करतो तसे. मापच मोडके असेल, तर त्याने दुसऱ्याला काय मोजून देणार? मात्र शेजाऱ्याच्या आत्म्याच्या भल्यासाठी आपल्या शरीराची झीज सोसावी, असेही ते सांगतात. म्हणजे थॉमस सुखासीनता शिकवत नाहीत. ज्याच्यातून द्यायचे, तो झराच बुजवू नका, असे सांगतात.

जर्मन तत्त्ववेत्ता नीत्शे याने १८८७ साली प्रसिद्ध केलेल्या नीतीविषयक ग्रंथात आपल्यावर कठोर आरोप केला. ख्रिस्ती नीती म्हणजे दुबळ्यांनी आपल्या दुबळेपणाला सद्गुणाचे नाव देणे, असा त्याचा सूर होता. सेमिनरीत आम्ही त्याचे उत्तर परीक्षेपुरते पाठ केले होते. आज वाटते, आरोप पूर्ण खरा नसला तरी तो ऐकून घ्यायला हवा. सहन करण्यावाचून दुसरा मार्गच नसलेल्या माणसाला आपण ‘किती सोशीक, किती पवित्र’ म्हणतो, तेव्हा आपण कोणाची सोय पाहत असतो?

त्या मावशींच्या मनात जे होते, ते १९६० साली अमेरिकेतल्या वॅलरी सेव्हिंग या विदुषीने एका लेखात मांडले होते. तिचे म्हणणे थोडक्यात असे: पापाविषयी ग्रंथ लिहिणारे बहुतेक पुरुष. त्यांना आपल्या मनात जे पाप दिसले, ते गर्वाचे आणि सत्तेच्या हावेचे. म्हणून त्यांनी औषध दिले स्वतःला विसरण्याचे. पण अनेक स्त्रियांचा मोह उलट असतो: स्वतः कोणी न होणे, दुसऱ्याच्या मताआड लपणे, शंभर लहान कामांत विखरून जाणे. अशा रोग्याला तेच औषध दिले, तर रोग वाढतो. ही ओळ वाचली तेव्हा चर्चच्या पायऱ्यांवर पिशवी घेऊन उभ्या असलेल्या मावशी माझ्या डोळ्यांसमोर आल्या. मी ताप आलेल्याचे औषध अंग गार पडलेल्या माणसाला देऊन मोकळा झालो होतो.

दिलेले आणि हिसकावलेले

आता प्रभू येशूकडे पाहू या. उत्तम मेंढपाळाच्या अध्यायात तो स्पष्ट सांगतो की आपला प्राण कोणी आपल्याकडून काढून घेत नाही, आपण होऊन तो देतो (योहान १०:१८). हे नुसते शब्द नव्हते. नाझरेथच्या लोकांनी त्याला कड्यावरून ढकलायला नेले, तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला (लूक ४:३०). महायाजकाच्या घरी शिपायाने थोबाडीत मारली, तेव्हा का मारलेस, असा जाब त्याने विचारला (योहान १८:२३). वेळ आली तेव्हा मात्र त्याने पाऊल मागे घेतले नाही. क्रुसावर दिसते ते देणे आहे. ज्याच्या हातात काही आहे, तोच ते देऊ शकतो.

इथे आपल्या वसईतल्या एका दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो. जमिनीचे भाव वाढले, तशी घराघरांत वाटणी आली. वडील वारल्यावर महिन्याच्या मिस्सेला जमलेल्या बहिणीपुढे कागद ठेवला जातो: हक्कसोडपत्र. भाऊ म्हणतो, “ताई, तुझं तिकडे चांगलं चाललंय. प्रेम महत्त्वाचं की जमीन? आपण ख्रिस्ती माणसं.” ताई सही करते. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती आईबापांच्या मुलाला आणि मुलीला वाटा सारखाच असतो. हे बऱ्याच तायांना सही करताना कोणी सांगत नाही. सगळे समजून, मोकळ्या मनाने एखादी बहीण आपला वाटा भावाला देत असेल, तर त्या दानाला मी हात जोडीन. पण क्रूस दाखवून सही घेणे म्हणजे त्याग नव्हे. दुसऱ्याचा ‘मी’ आपल्या फायद्यासाठी मारण्याची आज्ञा कोणत्याही शुभवर्तमानात नाही. प्रभूने ‘स्वतःचा’ क्रूस उचलायला सांगितले आहे. दुसऱ्याच्या खांद्यावर चढवायला सांगितलेले नाही.

आणि त्याच घरात खरे मरण कोणाची वाट पाहत असते? दोन गुंठ्यांसाठी सख्ख्या भावाशी दहा वर्षे न बोलणाऱ्या भावाची. ‘माझेच खरे’ हे टरफल त्याला फोडायचे आहे. माझ्या प्रवचनात तो मागच्या बाकावर बसून मान डोलावतो, कारण मी त्याच्या बायकोबद्दल बोलतो आहे असे त्याला वाटते!

कोणी विचारील, “फादर, मग न निवडलेल्या ओझ्यांचे काय? अंथरुणाला खिळलेली सासू, व्यसनी मुलगा, नवऱ्याचे आजारपण. ही काय आम्ही निवडून घेतली?” प्रश्न रास्त आहे. कुरेनेकर शिमोनानेही क्रूस निवडला नव्हता. शेतावरून येताना शिपायांनी त्याला वेठीस धरले. पण संत मार्क त्याच्या दोन मुलांची नावे देतो, आलेक्सांद्र आणि रूफ (१५:२१). वाचणाऱ्या मंडळीला ते घर ओळखीचे असल्याशिवाय अशी नावे कोणी लिहीत नाही. वेठीने उचललेला क्रूस वाटेत कुठेतरी त्या माणसाचा स्वतःचा झाला असावा. असे होऊ शकते, आणि आपल्या धर्मग्रामात असे झालेली माणसे मी पाहिली आहेत. पण ते वळण फक्त ओझे वाहणाराच घेऊ शकतो. व्यासपीठावरच्या मला किंवा कट्ट्यावर बसलेल्या नातेवाइकांना ते फर्मावता येत नाही. आपण करायचे ते एवढेच, की ओझ्याला आपला एक हात लावायचा.

लक्ष्मीबाईंचे सोवळे

हे वळण कसे घेतले जाते, याचा एक दाखला आपल्या मराठी मातीतला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ते प्रॉटेस्टंट पंथाचे, पण मराठी ख्रिस्ती माणसाला ते परके वाटत नाहीत. टिळकांनी जात, मान, नातीगोती यांवर पाणी सोडले. पण त्यांच्या या मरणाची किंमत दुसऱ्या एका व्यक्तीलाही मोजावी लागली. पत्नी लक्ष्मीबाई न विचारता एकट्या पडल्या आणि काही वर्षे त्यांना नवऱ्यापासून दूर, नातलगांच्या आश्रयाने काढावी लागली. त्या दिवसांची तगमग त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितली आहे.

पुढे त्या टिळकांकडे परत आल्या, पण आपले सोवळे बरोबर घेऊनच. त्यांचे अन्न-पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. आणि टिळकांनी ते मोडले नाही. एका घरात एक ख्रिस्ती आणि एक सोवळे पाळणारी स्त्री, असा संसार सुरू राहिला. मग एके दिवशी, कोणी बळजबरी न करता, स्वतःच विचार करता करता लक्ष्मीबाईंना पटले की माणसामाणसांतला हा विटाळ देवाने केलेला नाही. त्यांचे सोवळे गळून पडले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचे सोवळे मोडले असते तर? एक आज्ञाधारक बायको मिळाली असती. नवी लक्ष्मीबाई मिळाली नसती. कारण जुने मरायचे ते आतून मरावे लागते. बाहेरून मारलेले फक्त दबा धरून बसते. आणि नवजीवनाची खूण पाहा. ज्या बाईला टिळकांनी लिहायला-वाचायला शिकवले, तिने त्यांच्या पश्चात त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेले आणि १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’नी मराठी भाषेला एक ठेवा दिला. त्या पुस्तकात लक्ष्मीबाई टिळकांवर हसतात, स्वतःवर हसतात, रागावतात, वाद घालतात. ‘मी’ मेलेली बाई इतकी जिवंत असते!

माझा स्वतःचा ‘मी’

दुसऱ्यांबद्दल खूप लिहिले. आता थोडे स्वतःबद्दल. एका धर्मग्रामात असताना मी एक सभागृह बांधायला घेतले होते. चार वर्षे देणग्या गोळा केल्या, उन्हात उभे राहून काम करून घेतले. उद्घाटनाला तीन महिने राहिले असताना बदलीचे पत्र आले. मी “होय” म्हणालो. निरोपसमारंभात लोक माझ्या आज्ञापालनाबद्दल भरभरून बोलले आणि मी मान खाली घालून ऐकले.

पण पुढची दोन वर्षे मी भेटेल त्याला ती हकीकत सांगत होतो. कोनशिलेवर कोणाचे नाव लागले, हेही कोणाकडून तरी काढून घेतले. मी नव्या गावी गेलो होतो, माझा ‘मी’ मात्र त्या सभागृहातच मुक्काम ठोकून बसला होता. इतकेच नव्हे, त्यागामुळे तो अधिक लठ्ठ झाला होता! आपले शरीर जाळायला दिले, पण प्रेम नसले तर काही लाभ नाही, अशा अर्थाचे संत पौल लिहितो (१ करिंथ १३:३), ते मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळले. अहंकार फार हुशार असतो. त्याला सिंहासन दिले नाही, तर तो क्रुसावर चढून बसतो आणि तिथून लोकांकडे पाहतो.

म्हणून खरे मरण आणि मरणाचे सोंग ओळखायला मी स्वतःला तीन प्रश्न विचारू लागलो आहे. तुम्हांलाही कदाचित उपयोगी पडतील.

पहिला प्रश्न: हे मी देत आहे, की माझ्याकडून ओढून घेतले जात आहे? ओढून घेतले जात असेल, तर आधी ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य देवाकडे मागावे. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्या ‘होय’ला वजन नसते.

दुसरा प्रश्न: माझ्या देण्याने समोरच्याला जीवन मिळते, की त्याची खोड वाढते? दारूसाठी पैसे देणारी आई प्रेमळ असेल, पण त्या दाण्यातून कणीस येत नाही.

तिसरा प्रश्न: माझ्याजवळ वही आहे का? मी कोणासाठी काय केले, याचा मनातल्या मनात मांडलेला हिशेब. वही जितकी जाड, तितका ‘मी’ जिवंत.

पांढरे वस्त्र

संत पौल रोमकरांना सांगतो की आपले मरण आपल्या स्नानसंस्कारातच होऊन गेले आहे. पाण्यात उतरणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे, आणि वर येणे म्हणजे नव्या जीवनात पाऊल टाकणे (६:३–४). त्या दिवशी आपल्याला पांढरे वस्त्र देतात आणि पास्काच्या मेणबत्तीवरून आपली मेणबत्ती पेटवतात. आपल्या अंत्यविधीला शवपेटीजवळ तीच पास्काची मेणबत्ती असते आणि पुन्हा पवित्र पाणी शिंपडले जाते. या दोन पाण्यांच्या मधले दिवस म्हणजे आपले आयुष्य. ‘दररोज’ क्रूस घ्या, असे लूकच्या शुभवर्तमानात प्रभू म्हणतो (९:२३). एका दमात मरून मोकळे होता येत नाही. आज टरफलाला एक चीर, उद्या दुसरी.

त्या स्नानसंस्कारात आणखी एक गोष्ट होते आणि ती मी त्या रविवारी सांगायला विसरलो होतो. पाणी ओतण्याआधी आपण बाळाचे नाव विचारतो. देव आपल्याला नावाने बोलावतो आणि मगच पाण्यात उतरवतो. ज्याला नाव नाही, त्याला तो बुडवत नाही.

दोन-तीन आठवड्यांनी मी त्या मावशींच्या घरी गेलो. म्हणालो, “मावशी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला पूर्ण सापडलेलं नाही. पण माझं चुकलं. तुम्हांला आधी मरायला नव्हे, भरायला सांगायला हवं होतं. तुम्हांला काय आवडतं?” त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “चौथीपर्यंत शिकले, फादर. बाई म्हणायच्या, माझं वाचन चांगलं आहे. मिस्सेत एकदा वाचायचं होतं.” मुलगा दारात उभा होता. त्याला हे माहीतच नव्हते.

पुढच्या महिन्यात एका साध्या बुधवारच्या सकाळच्या मिस्सेला त्यांनी पहिले वाचन केले. चष्मा दोनदा सावरला, एका नावावर अडखळल्या, आणि शेवटपर्यंत वाचले. त्या सकाळी घरी चहा मुलाने केला, असे सुनेने मला नंतर सांगितले. मला वाटते, त्या घरात त्या दिवशी दोन टरफले फुटली. आईचे एक आणि मुलाचे एक.

मावशी अजूनही घरात सगळ्यांचे करतात. मागे भेटल्या तेव्हा मी विचारले, “मग, कसं चाललंय?” म्हणाल्या, “काम तेवढंच आहे, फादर. आधी करावं लागायचं. आता मी करते.”

प्रभू आपल्यातला प्रत्येक दाणा आधी भरो आणि मग आपल्या हाताने पेरो.

तुमचा धर्मगुरू